मुक्त विद्यापीठातला एक घटक स्वतः अभ्यासताना

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतल्यावर पुस्तके मिळतात, अभ्यासकेंद्र ठरते. परंतु आज काय वाचायचे आणि वाचलेले समजले की नाही, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७५ साली स्वयंनिर्देशित अध्ययनाची जी व्याख्या केली, तिच्यात गरज ओळखण्यापासून फलिताचे मूल्यमापन करण्यापर्यंतची सारी कामे शिकणाऱ्याकडे सोपवलेली आहेत. यांतले मूल्यमापनाचे काम सर्वांत अवघड असून नेमके तेच परीक्षेपर्यंत राहून जाते.

म्हणून पुस्तकातला घटक, म्हणजे एखादे प्रकरण, उघडल्यावर मजकुराकडे वळण्यापूर्वी सुरुवातीची उद्दिष्टे वाचावीत आणि प्रत्येक उद्दिष्टाचा प्रश्न करून वहीत लिहावा. ‘चलनवाढीची कारणे स्पष्ट करता येतील’ असे उद्दिष्ट असेल, तर ‘चलनवाढ का होते?’ एवढेच लिहावे आणि त्या वेळी सुचेल ते उत्तर, चुकीचे असले तरी, खाली मांडावे. मग तेवढा भाग एकदा लक्षपूर्वक वाचून पुस्तक मिटावे आणि आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. पुस्तक पुन्हा उघडायचे ते राहिलेले आणि चुकलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरण्यासाठी.

ही पायरी कष्टाची वाटते आणि बरेच जण तिच्याऐवजी तोच मजकूर दुसऱ्यांदा वाचतात. दुसऱ्या वाचनात शब्द ओळखीचे झालेले असतात आणि ती ओळख आपल्याला आकलन वाटू लागते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आणि न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला. दिवसभराच्या कामानंतर जेमतेम पाऊण तास मिळणाऱ्या विद्यार्थ्याने तो वेळ कशावर खर्च करावा, याविषयी मला तरी यानंतर शंका उरत नाही.

त्याच प्रश्नांची उत्तरे दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने, जुने उत्तर झाकून, लिहावीत. जे प्रश्न दोन्ही वेळा जमले ते सोडून द्यावेत.

नोल्स यांच्या व्याख्येत ‘इतरांच्या मदतीने किंवा मदतीशिवाय’ असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा मदत मागितल्याने अभ्यास कमी स्वावलंबी ठरत नाही. वेगळ्या शाईतले जे मुद्दे तीनदा लिहूनही सुटले नाहीत, त्यांची यादी संपर्कसत्राला, म्हणजे अभ्यासकेंद्रावरच्या मार्गदर्शन वर्गाला, न्यावी, आणि ‘हा घटक समजला नाही’ असे न म्हणता आपण कुठपर्यंत आलो आणि कोणत्या वाक्यापाशी अडलो, ते वही दाखवून समंत्रकांना, म्हणजे तिथल्या मार्गदर्शक शिक्षकांना, सांगावे.