एमटीबी अपग्रेड करताय? आधी मापं घ्या, पार्ट नंतर

इंदुरात कोणीही नवी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेतली की पहिले काही महिने महू, पाताळपाणी, चोरल असं फिरणं होतं आणि मग हळूच खाज सुटते की आता हिच्यात काहीतरी बदलायचं. रात्री झोपायच्या आधी मोबाइलवर पार्ट बघणं सुरू होतं आणि दहातले आठ जण सगळ्यात आधी फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकवर, जाऊन अडकतात कारण तो दिसतो मस्त. मला विचाराल तर फोर्क सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना तर लागतच नाही. का ते खाली सांगतोच.

आधी आपण चालवतो कुठे ते बघा. जानापाव माळव्यातला दुसऱ्या क्रमांकाचा उंच डोंगर, साधारण 854 मीटर, आणि इंदूर स्वतःच साडेपाचशेच्या वर आहे, म्हणजे चढ आहे पण हिमालय नाहीये. आपल्या वाट्याला येतं काय तर बायपासचं डांबर, गावाबाहेरची मुरमाची वाट, घाटातली सुटी खडी, आणि पावसाळ्यात ती काळी माती जी टायरला चिकटली की चाक फिरायचंच थांबतं. दहा फुटांवरून उडी कोणी मारत नाहीये. म्हणून आपल्याला लागतं ते पकडणारं टायर, भरवशाचा ब्रेक आणि चढाला एक हलका गियर, बाकी शोभा.

आता मापं. हे काम कंटाळवाणं आहे पण पैसे इथेच वाचतात, कारण सायकलच्या पार्टचं असं आहे की एकाच नावाची वस्तू चार मापात येते आणि ऑनलाइन मागवलेली परत पाठवताना जीव जातो. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात 54-584 असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा खरा: 559 म्हणजे 26 इंची, 584 म्हणजे साडेसत्तावीस, 622 म्हणजे 29. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) बाहेर काढा, खाली 27.2 किंवा 30.9 किंवा 31.6 असं कोरलेलं असेल, 30.9 आणि 31.6 डोळ्यांना सारखेच दिसतात पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. हॅन्डल जिथे स्टेममध्ये (हॅन्डल धरणारा आखूड तुकडा) आवळलंय तिथला व्यास 25.4 की 31.8 ते बघा. मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी, क्विक रिलीजच्या (लिव्हर उघडून हाताने चाक निघणाऱ्या) साध्या सायकलला बहुतेक 135 मिलिमीटर असते, महागाच्या नव्या सायकलींना जाड अ‍ॅक्सल आणि 148. सगळ्याचे फोटो काढून मोबाइलमध्ये एक फोल्डर करून ठेवा, दुकानात उभं राहून आठवत बसण्यापेक्षा बरं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं माप खरं तर माप नाहीचे, ते म्हणजे मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट. दोन्ही म्हणजे मागच्या गियरच्या चकत्यांचा गठ्ठा, फक्त बसवायची पद्धत वेगळी. मागचं चाक काढून मांडीवर घ्या, गियरच्या चकत्यांच्या मध्ये अ‍ॅक्सलच्या भोवती एक खाचांचं गोल दिसेल, जिथे खोलायचा टूल बसतो. आता चकत्या उलट्या फिरवा. खाचांचं गोल चकत्यांबरोबर फिरलं तर कॅसेट, ते जागेवर राहून नुसत्या चकत्या फिरल्या तर फ्रीव्हील. आपल्याकडच्या स्वस्तातल्या 21 स्पीड सायकलींना बहुतेक सात चकत्यांचं फ्रीव्हील असतं, जे हबवर आट्यांनी बसवलेलं असतं. हे कळलं की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप मिटतात.

पहिला खर्च टायरवर करा. कंपनीकडून जे येतं ते बहुतेक कडक रबराचं असतं, खडीवर वळताना पुढचं चाक सरकतं आणि आपल्याला वाटतं आपल्यालाच चालवता येत नाही. पुढे जरा मोठ्या गुट्ट्यांचं (गुट्ट्या म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे), मागे थोडं गुळगुळीत चालणारं, असं वेगवेगळं लावलं तरी चालतं, उलट चांगलंच. काळ्या मातीसाठी गुट्ट्या विरळ हव्यात म्हणजे माती झडते, दाट गुट्ट्यांत ती भरून बसते. रुंदी वाढवताना फ्रेम आणि टायरच्या मध्ये दोन्ही बाजूंना निदान सहा मिलिमीटर जागा उरतेय का बघा, 2.1 इंचीच्या जागी 2.25 सहसा जातं, 2.4 मात्र जुन्या फ्रेमला घासेल. आणि हवा! सायकलवाला टाइट हवा भरतो, पन्नास-साठ पीएसआय, त्याला ती सवयच आहे. सत्तर किलोचा माणूस, 2.2 चं टायर, ट्यूब आहे, तर कच्च्यावर 30 ते 35 बास झाली, मागे जरा जास्त पुढे जरा कमी. हा बदल फुकट आहे आणि आधी हाच करून बघा, काही जणांची नवं टायर घ्यायची इच्छाच मरते.

शेताच्या वाटांना बाभळीचे काटे आणि सराटे, त्यामुळे ट्यूबलेस करावं का असं सगळेच विचारतात. रिम ट्यूबलेस रेडी, म्हणजे ट्यूबशिवाय चालायला बनवलेली, असेल तर जरूर करा, कमी हवेत चालवता येतं आणि काटा निघाला की सीलंट, म्हणजे टायरमध्ये भरलेलं द्रव, आतून भोक बुजवतं. पण रिम साधी असेल तर टेप लावून जुगाड करण्यात अर्थ नाही, वळणात टायर रिमवरून सुटलं तर तोंडावर पडाल. आणि सीलंट आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावं लागतं. ते नको असेल तर ट्यूबमध्येच सीलंट भरा, ज्या व्हॉल्व्हचा आतला कोर निघतो त्यात भरता येतं, सराट्यांना तेवढं पुरतं.

पेडल आणि ग्रिप स्वस्तात होतात आणि फरक लगेच कळतो. प्लॅस्टिकच्या पेडलवर पावसात बूट घसरतो, त्याऐवजी पिना असलेली रुंद चपटी पेडल घ्या. माप जवळजवळ सगळीकडे 9/16 इंच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ऐकून माहीत असतं पण हातात पाना आला की डोकं चालत नाही, तर सोपं असं करा: पाना पेडलच्या वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंची पेडल असंच सुटतात. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे हाताने, पाना नको. तिरपं घुसलं तर अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे (पेडल बसतं त्या दांडीचे) आटे गेले समजा. ग्रिप घेताना स्क्रूने आवळणारी घ्या, नुसती सरकवलेली ग्रिप घामाने फिरते. हॅन्डल 620 मिलिमीटर रुंद असेल तर 720-740 करून बघा आणि सोबत स्टेम थोडा आखूड, खडीवर सायकल एकदम शांत चालते. फक्त शहरातल्या दाटीत, म्हणजे राजवाड्याच्या गल्ल्यांत वगैरे, गाड्यांचे आरसे सांभाळून जावं लागेल. सीटबद्दल मी काही बोलत नाही, ज्याची त्याची बैठक वेगळी.

ब्रेक. इथे जरा सविस्तर, कारण जानापावहून उतरताना हेच लागतात. सायकलला वायरचे डिस्क ब्रेक असतील तर लगेच हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबाने लागणाऱ्या ब्रेकवर, उडी मारू नका, आधी केबल आणि तिचं बाहेरचं कवर नवीन टाका. जुनं कवर दाबलं की आकसतं आणि तुमची बोटांची अर्धी ताकद त्यातच जाते. मग पॅड बदला, तेल लागलेले पॅड कितीही घासले तरी पुन्हा तसे होत नाहीत. साध्या वायरच्या कॅलिपरमध्ये (पॅड धरणारा भाग) एकच पॅड हलतं, दुसरं जागेवर असतं, तर त्या न हलणाऱ्या पॅडला रोटरच्या (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) जेवढं जवळ नेता येईल तेवढं न्या, घासलं नाही पाहिजे एवढंच. एवढं केल्यावर बऱ्याच जणांचा ब्रेक लागतो आणि पैसेही वाचतात.

तरी हायड्रॉलिक हवाच असेल तर शिमानो कंपनीचा एमटी200 वर्गातला सेट पुरे होतो, मिनरल ऑइलवर चालतो. तेलाचं मात्र पक्कं लक्षात ठेवा, शिमानो-टेक्ट्रोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट फ्लुइड, आणि एकात दुसरं गेलं की आतली सील फुगून ब्रेक कामातून गेला. कार-बाइकच्या दुकानात डॉट सहज मिळतं म्हणून ते भरून देणारे उस्ताद आहेत, त्यांना बाटली दाखवूनच सांगा. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असायची सवय असते आणि बाहेरून आलेले भरलेले सेट उलटेही असतात, मागवताना लांब नळी (ती मागच्या ब्रेकची) कुठल्या लिव्हरला आहे ते वाचा. रोटर 160 मिलिमीटरचा 180 केला तर त्याच दाबाला साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो, अ‍ॅडॅप्टर लागतो, आणि आधी फोर्कवर किती मोठा रोटर चालतो ते तपासा. काही स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ लिहिलेलं असतं, तिथे मेटलचे पॅड टाकू नका. बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा वेगातून जवळजवळ थांबेपर्यंत दाबा, चाक लॉक न करता, तेव्हा कुठे पॅड रोटरवर बसतात. आणि चाक काढून सायकल कारमध्ये टाकली असेल तर लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात, मध्ये पुठ्ठा तरी सरकवा.

गियर. सध्या पुढे एकच चकती, म्हणजे वन-बाय, याचं सगळ्यांना वेड आहे. दिसायला साफ, चेन कमी पडते, मान्य. पण जरा आकडेमोड करा. 21 स्पीडला बहुतेक पुढे 42-34-24 दातांच्या चकत्या आणि मागे 14-28 असतं, म्हणजे सगळ्यात हलका गियर 24 भागिले 28, झाले 0.86 (आकडा जितका लहान तितका गियर हलका). आता मागचं सात चकत्यांचं फ्रीव्हील काढून 14-34 वालं बसवलं तर 24 भागिले 34, म्हणजे 0.71. आणि वन-बाय केली, पुढे 32, मागे 11-42 ची कॅसेट, तर 0.76! म्हणजे चाक, कॅसेट, शिफ्टर (हॅन्डलवरून गियर बदलायचा भाग), डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), चेन, पुढची चकती सगळं बदलून चढाला गियर उलट जड मिळाला, तेवढ्याला फ्रीव्हील आणि चेनमध्ये काम झालं असतं. शिमानोचा टूर्नीचा टीवाय300 डिरेलर 34 दातांपर्यंत घेतो, त्यामुळे तो बदलायचीही गरज नाही. फक्त चेन दोन-चार कड्यांनी लांब लागेल, सगळ्यात मोठी पुढची आणि सगळ्यात मोठी मागची चकती यावर चेन टाकून बघा, डिरेलर ताणून सरळ होत असेल तर चेन आखूड आहे, तशी चालवली तर डिरेलर तुटेल.

वन-बाय करायचीच असेल तर चाकापासून सुरुवात करा, म्हणजे कॅसेटचा हब असलेलं मागचं चाक. फ्रीव्हीलच्या हबला उजवीकडचं बेअरिंग आत असतं आणि अ‍ॅक्सलचा बराच भाग आधाराशिवाय लोंबतो, वजनदार माणूस खड्ड्यातून गेला की तो वाकतो, म्हणून तसंही चाक बदलणं फायद्याचं. मायक्रोशिफ्टचा अ‍ॅडव्हेंट नऊ स्पीड 11-42 सेट घरगुती बजेटमध्ये बसतो आणि तो साध्या एचजी फ्रीहबवर (हबचा कॅसेट बसणारा भाग) चढतो. दहा दातांची बारीक चकती असलेल्या बारा स्पीडला मात्र वेगळे हब लागतात, शिमानोचा मायक्रो स्प्लाइन, स्रॅमचा एक्सडी, तिकडे जाऊ नका. पुढे दातांची जाडी एकाआड एक बदलणारी चकती घ्या, नाहीतर चेन उडत राहील. जुने पार्ट मिसळणाऱ्यांसाठी एक गोष्ट: शिमानोचे 7, 8, 9 स्पीडचे माउंटनचे मागचे डिरेलर एकमेकांच्या शिफ्टरवर चालतात, 10 स्पीडला कंपनीने केबल ओढायचं गणित बदललं, तो त्यात मिसळत नाही. दुकानात ‘हो जाएगा भिया’ ऐकायला मिळेल, भिया होतं सगळं, पण मग तिसऱ्या गियरवर खडखड तुम्हाला ऐकावी लागते.

आता फोर्क. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोच्या वरच असतो, तो हलवून चांगला एअर (हवेच्या दाबाचा) फोर्क लावावा असं वाटणं साहजिक आहे. पण जुन्या फ्रेमची हेडट्यूब (फोर्कची दांडी बसते ती पुढची नळी) सरळ असते, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, आणि आताचे बरेच चांगले फोर्क खाली दीड इंचाचे असतात, ते बसतच नाहीत. बसणारा मिळाला तरी शंभर मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कसाठीच्या फ्रेमवर एकशेवीसचा फोर्क लावला की पुढचा भाग वर उचलला जातो, हेड अँगल (हेडट्यूबचा कोन) साधारण एक अंशाने पडतो आणि चढावर पुढचं चाक भरकटतं. शिवाय चांगल्या फोर्कची किंमत सायकलच्या निम्म्याला जाते, तेवढ्यात जुनी विकून वरच्या दर्जाची सायकल येते. आहे त्याच फोर्कचे स्टँचियन (वर-खाली सरकणाऱ्या चकचकीत नळ्या) पुसा, सील साफ ठेवा, बास. ज्याच्याकडे एअर फोर्क आधीच आहे त्याने शॉक पंप घ्यावा आणि अंगावरच्या सामानासकट बसल्यावर एकूण हालचालीच्या वीस-पंचवीस टक्के फोर्क दबेल एवढी हवा ठेवावी.

हत्यारांत एलन कीचा चांगला सेट, चेन ब्रेकर, फ्रीव्हील खोलायचा टूल, आणि स्टेम-हॅन्डलसाठी जमलं तर टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा). स्टेमचे बोल्ट साधारण 5-6 न्यूटन मीटर, त्यावर लिहिलेलंच असतं, आणि चारही आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. चेन नवी टाकताना जुनी मोजा, बारा इंचांत एक अष्टमांश इंच लांब झाली असेल तर मागच्या चकत्याही गेल्या आहेत, नवी चेन त्यांच्यावर घसरेल.

सगळं बसवून झालं की लगेच जानापाव नको, सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर सकाळी एक चक्कर मारा, सगळे गियर वर-खाली करून बघा, केबल नवीन असली की पहिल्या आठवड्यात ढिली होते तेव्हा शिफ्टरजवळचा बॅरल (केबलचा ताण बदलणारा गोल स्क्रू) अर्धा-पाऊण फेरा उलटा फिरवून ताण वाढवा. क्रँकचे बोल्ट आणि पेडल पन्नासेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा आवळा.