वाफेच्या गाडीची सफर रंगवायची कशी: आवाज, धूर, फोटो आणि जाहिरात

वाफेच्या गाडीत बसलेल्या माणसाला सगळं दिसतं, इंजिन तेवढं दिसत नाही. सरळ रुळावर तीन तास डब्यात बसलं की पदरात पडतो तो खिडकीबाहेरचा देखावा, आणि तो डिझेलच्या गाडीतूनही तसाच दिसतो. म्हणून सफर आखताना आधी हे ठरवावं, की प्रवाशांना इंजिन कुठे दिसेल, कुठे ऐकू येईल आणि त्या वेळी ते काय करत असेल. तीन तासांच्या फेरीत अशा चार जागा पुष्कळ झाल्या: गाडी सुटताना, एखाद्या लांब वळणावर, पाण्याच्या थांब्यावर आणि फोटोसाठीच्या धावेत. मार्गावर टर्नटेबल, म्हणजे इंजिनाचं तोंड फिरवणारी फिरती चकती, असेल तर पाचवी जागा आयती मिळते. दार्जिलिंगच्या जॉयराइडमध्ये बटासिया लूप या गोल वळणावर गाडी दहा मिनिटं थांबते, त्यामागे हाच हिशेब आहे.

बाकीचा वेळ गाडी निवांत चालू द्यावी. दर दहा मिनिटांनी शिट्टी आणि त्यावर लाउडस्पीकर, असं झालं की तासाभरात लोकांचे कान किटतात. वळणाची सूचना मात्र दोन मिनिटं आधी द्या आणि बाजू सांगा, "डाव्या खिडकीतून इंजिन दिसेल". लांब रेक (डब्यांची माळ) असेल तर वळणावर इंजिन दिसतं ते मागच्या डब्यांतून. पुढच्या दोन-तीन डब्यांत दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. तिकीट विकताना हा फरक सांगून विका, दोन्ही प्रकारचं गिऱ्हाईक असतं.

आवाज ओझ्यातून येतो

मोठं इंजिन आणि मागे तीन डबे, ही जोडी आवाजाच्या दृष्टीने फुकट. इंजिनाला जोर लावावाच लागत नाही, ते नुसतं घरंगळत जातं. आठ-दहा भरलेले डबे आणि शंभरास एक चढण मिळाली की ड्रायव्हरला रेग्युलेटर (वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह) उघडावा लागतो, कट-ऑफ लांबवावा लागतो, म्हणजे दर धक्क्याला सिलिंडरमध्ये जास्त वेळ वाफ घ्यावी लागते. मग सिलिंडरमधून वाफ जास्त दाबानिशी बाहेर पडते आणि धुराड्यातून एकेक ठोका फुटतो. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके, तीन सिलिंडरच्या इंजिनात सहसा सहा. दीड मीटर व्यासाचं चाक धरलं तर ताशी १५ किलोमीटरला सेकंदाला साडेतीन ठोके पडतात, ते मोजता येतात. ताशी ३० ला सात होतात आणि एकात एक मिसळायला लागतात. म्हणजे आवाजाची जागा चढणीच्या पायथ्याशी, थांब्यावरून सुटतानाची. भरधाव पट्ट्यात ती शोधून उपयोग नाही.

मदतीला डिझेल इंजिन ठेवायचं असेल तर शेवटी ठेवा. पुढून घेतलेल्या फोटोत ते येत नाही आणि गाडी मागे घ्यायलाही सोयीचं पडतं. पण चढणीवर त्याने ढकलायचं नाही, हे त्याच्या ड्रायव्हरला आधी बजावून ठेवा. डिझेलने हातभार लावला की पुढचं वाफेचं इंजिन लगेच गप्प होतं. काही ठिकाणी याच्या उलट करतात: डब्यांची संख्या कमी असली तर मागच्या डिझेलला डायनॅमिक ब्रेक (मोटरांनीच गाडी अडवणारा ब्रेक) लावून मुद्दाम ओढ निर्माण करतात.

धूर आणि वाफ

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं इंधन. कोळशाच्या इंजिनात फायरमन, म्हणजे आग सांभाळणारा, ऐन वेळी चार-सहा फावडी कोळसा टाकतो, फायरबॉक्सचं (भट्टीचं) दार लावतो, डॅम्पर (हवेची झडप) थोडा ओढून घेतो. हवा कमी पडते आणि धुराड्यातून काळा लोट उठतो. हे वीस-पंचवीस सेकंदांपुरतं ठीक आहे. त्यापुढे बॉयलरच्या नळ्यांत काजळी धरते, बॉयलरची वाफ कमी पडते आणि पहिल्या डब्यातले पांढरे शर्ट राखाडी होतात.

पांढरी वाफ हवेवर अवलंबून. हवा थंड आणि दमट असली की ती दाट दिसते, दुपारच्या कोरड्या उन्हात धुराड्याबाहेर येताच विरून जाते. वाफेचा फोटो हवा तर पहाट गाठा. सिलिंडर कॉक (सिलिंडरच्या तळाच्या तोट्या) उघडून दोन्ही बाजूंना वाफ सोडतात, ते सुटतानाच करावं. सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी काढायला ते नाहीतरी उघडावे लागतातच. चालत्या गाडीत ते उघडे ठेवले तर चाकं आणि कनेक्टिंग रॉड झाकले जातात, म्हणजे जे दाखवायचं तेच दिसत नाही. वाफेबरोबर उकळतं पाणीही उडतं. फलाटावर लोक उभे असतील त्या बाजूला कॉक उघडायचे नाहीत.

तेलावर चालणाऱ्या इंजिनात एक सोय आहे. नळ्यांतली काजळी खरवडून काढायला फायरमन गाडी जोरात चालत असताना फायरबॉक्समध्ये वाळू टाकतो. ड्राफ्ट, म्हणजे धुराड्याकडे खेचणारा हवेचा झोत, ती वाळू ओढून नेतो आणि काळाकुट्ट लोट बाहेर पडतो. काम रोजचंच आहे. ते मोकळ्या माळावर, आधी सांगितलेल्या जागी केलं की लोक त्याचे फोटो वर्षभर दाखवत फिरतात. बॉयलरच्या ब्लोडाउनचंही (तळाचं गाळाचं पाणी दाबाने बाहेर सोडण्याचं) तसंच, फक्त त्या बाजूला माणूस नसल्याची खात्री गार्डने वायरलेसवर दिल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की बघ्यांना वाटतं काहीतरी भव्य घडलं. खरं तर पाणी आणि कोळसा वाया चाललेला असतो आणि निवेदकाचं बोलणं कुणालाच ऐकू जात नाही. थांब्यावर इंजेक्टर लावून, म्हणजे बॉयलरमध्ये गार पाणी घेऊन, दाब थोडा खाली ठेवायला सांगा. उन्हाळ्यात ठिणग्यांचा धोका वेगळाच: स्पार्क अरेस्टरची (ठिणग्या अडवणारी) जाळी सुटण्याआधी तपासा, मागून पाणी घेतलेली ट्रॉली सोडा, आणि गवत वाळलेलं असेल तर काळ्या धुराचा कार्यक्रम सरळ रद्द करा.

फोटोसाठीची धाव

गाडी थांबते, लोक उतरून एका बाजूला रांगेत उभे राहतात, गाडी मागे जाते आणि पूर्ण जोरात त्यांच्यासमोरून निघून जाते. सगळ्या सफरीत जास्तीत जास्त बोललं जातं ते यावर आणि घोडं पेंड खातं तेही इथेच.

जागा निवडताना सूर्य फोटो काढणाऱ्यांच्या पाठीशी, किंचित एका खांद्यावरून येणारा हवा. भर दुपारी इंजिनाच्या बाजूच्या फळीची सावली चाकांवर पडते आणि सगळी यंत्रणा काळी दिसते, म्हणून ही धाव सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावर ठेवा. वारा रांगेकडून गाडीकडे वाहणारा असावा. उलटा असला तर धूर थेट कॅमेऱ्यांवर येतो. वारा गाडीच्या मागून जोरात असेल तर धूर पुढे येऊन इंजिनच गिळतो. जागेची पाहणी त्याच ऋतूत, त्याच वेळेला करा. सहा महिन्यांपूर्वी मोकळी असलेली जागा झुडपांनी भरलेली असते.

तीनशे माणसं तीन ओळींत उभी केली, पुढची बसलेली, मधली गुडघ्यावर, मागची उभी, आणि माणशी ६० सेंटिमीटर धरले तर रांग ६० मीटर लांब होते. तेवढी सपाट जमीन हवी. दोर रुळापासून किमान आठ मीटरवर बांधा. ट्रायपॉड मागच्या ओळीत.

कंट्रोलची (गाड्यांची वाहतूक चालवणाऱ्या कक्षाची) परवानगी आणि ब्लॉक सेक्शन, म्हणजे फक्त आपल्या गाडीला मोकळा ठेवलेला रुळाचा तुकडा, हातात आल्याशिवाय एकही माणूस उतरवायचा नाही. गाडी मागे घेताना शेवटच्या डब्यात वायरलेस घेतलेला गार्ड, आणि प्रत्येक दारात पहारा. दहा डब्यांच्या गाडीला चढणीवर ताशी ३० चा वेग गाठायला साडेतीनशे-चारशे मीटर सहज लागतात, म्हणून ६०० ते ७०० मीटर मागे जा. रांगेच्या २०० मीटर आधी एक खूण रोवा. या वेगाने ते अंतर कापायला २४ सेकंद लागतात, म्हणजे फायरमनने कोळसा टाकायचा तो तिथेच. खूण नसली की धूर लवकर उठतो आणि इंजिन समोर येईपर्यंत विरळ झालेला असतो.

वेळेचा हिशेब: चार दारांतून पायऱ्या लावून तीनशे जण उतरायला १० मिनिटं, रांग लावायला ५, मागे जायला ६, धाव ३, पुन्हा मागे येऊन जागेवर थांबायला ४, चढायला १५. झाली ४३. कंट्रोलकडे ४५ मागा. तीसच मिळाली तर ही धाव करूच नका, घाईत पायरीवरून कुणीतरी पडतं. दुसरी धाव हवी असेल तर वर १० ते १२ मिनिटं. जमलं तर एक धाव हेडबोर्ड (इंजिनाच्या पुढची नावाची पाटी) लावून आणि एक काढून करा, त्यावरून होणारी जुनी भांडणं मिटतात.

उतरताना आणि चढताना डब्यागणिक मोजणी, तीही एकाच माणसाने. आकडा जुळल्याशिवाय हिरवा झेंडा नाही. बाकी बिघडतं ते बारीक गोष्टींनी: गाडीतच राहिलेले लोक खिडकीतून हात हलवतात, नारिंगी जाकिटातला स्वयंसेवक नेमका चौकटीत उभा असतो, कुणीतरी दोर ओलांडून दोन पावलं पुढे जातो आणि मागच्या अडीचशे जणांचा फोटो जातो. हे सगळं उतरण्यापूर्वी डब्यात सांगा. मैदानात सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

पाण्याचा थांबा

टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या पाणी-इंधनाच्या गाड्यात, २० हजार लिटर भरायचे आणि नळ मिनिटाला हजार लिटर देत असेल तर २० मिनिटं थांबावंच लागतं. तो वेळ दडवू नका. दोर बांधून लोकांना जवळ येऊ द्या, फायरमन तेल घालताना आणि ड्रायव्हर बेअरिंगवर हात ठेवून गरम झालंय का ते बघताना दिसू दे, आणि शेजारी एक बोलका माणूस उभा करा. कॅबमध्ये चढवण्याचं आश्वासन मात्र सगळ्यांना देऊ नका. माणशी ३० सेकंद म्हटले तरी तीनशे जणांना अडीच तास लागतात. कॅबच्या उंचीचा लाकडी मंच बाजूला लावला तर लोक न चढताच आगीकडे पाहून पुढे सरकतात. कॅबची भेट मोजक्या, वेगळ्या तिकिटांवर ठेवा.

जाहिरात

एक चांगला फोटो पुरतो: समोर आणि बाजू दोन्ही दिसतील अशा पाऊण कोनातून, उतरत्या उन्हात, चाकं उजळलेली. तो त्याच इंजिनाचा आणि त्याच डब्यांचा असावा. दुसऱ्या इंजिनाचा जुना फोटो लावला तर रेल्वेवेडे पाच मिनिटांत ओळखतात आणि पुढे वर्षभर ते ऐकवतात. या मंडळींना इंजिनाचा वर्ग, चाकांची रचना, डब्यांची यादी, किती धावा आणि परतीला इंजिन टेंडर पुढे करून चालणार का, हे हवं असतं. मुलाबाळांसह येणाऱ्यांना सुटायची-परतायची वेळ, शौचालय आणि मुलं कंटाळणार नाहीत ना, एवढंच. दोघांसाठी दोन मजकूर लिहा.

निमित्त मिळालं तर बातमी आपोआप होते. युनियन पॅसिफिक या अमेरिकी रेल्वे कंपनीने ४०१४ क्रमांकाचं 'बिग बॉय' हे अजस्र वाफेचं इंजिन २०१९ च्या मे महिन्यात रुळावर आणलं, ते अमेरिकेतला आरपार रेल्वेमार्ग १० मे १८६९ ला पुरा झाल्याच्या दीडशेव्या वर्षाला जोडून. तुमच्या मार्गाचं उद्घाटन, इंजिनाचं वय, एखाद्या पुलाची शंभरी, काहीतरी सापडतंच. पत्रकारांच्या माहितीपत्रकात "जगातलं एकमेव", "सर्वांत वेगवान" असली विशेषणं नकोत; तारीख आणि आकडा द्या. 'मॅलर्ड' हे ब्रिटिश वाफेचं इंजिन ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल धावलं, या वाक्याला कुणी आव्हान देत नाही. पत्रकारांना चाचणी फेरीला बोलवा. सफरीच्या दिवशी त्यांच्याकडे बघायला कुणी मोकळं नसतं.

वेळापत्रक किती जाहीर करायचं, हा अवघड प्रश्न. २५ फेब्रुवारी २०१६ ला लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्कला निघालेली 'फ्लाइंग स्कॉट्समन' या प्रसिद्ध ब्रिटिश वाफेच्या इंजिनाची गाडी लोक रुळांवर उतरल्यामुळे वाटेत थांबवावी लागली. जून २०२४ मध्ये मेक्सिकोत २८१६ क्रमांकाचं वाफेचं इंजिन बघायला आलेली एक महिला रुळाशेजारी फोटो घेताना धडक बसून दगावली. इंजिन रुळाच्या बाहेर बरंच आलेलं असतं, हे बघ्यांच्या ध्यानात नसतं. म्हणून गर्दी पेलू शकतील अशा स्थानकांच्याच वेळा छापा, अधल्यामधल्या ठिकाणांच्या नकोत. त्याऐवजी कठडे असलेले पूल आणि कुंपणाबाहेरची मैदानं यांची यादी द्या आणि अंतर आकड्यात सांगा. युनियन पॅसिफिक २५ फूट सांगते. गर्दी खेचायचीच म्हटली तर तिला मर्यादा नसते: १५ सप्टेंबर १८९६ ला टेक्सासमध्ये विल्यम क्रश यांनी दोन इंजिनांची मुद्दाम टक्कर घडवली, सुमारे ४० हजार लोक जमले, बॉयलर फुटले आणि बघ्यांतले किमान दोघे मेले.

आणि गर्दी म्हणजे पैसा नव्हे. त्याचे तेव्हाचे मालक ॲलन पेग्लर यांनी 'फ्लाइंग स्कॉट्समन' १९६९ मध्ये अमेरिकेत नेलं, लोक लोटले, तरी १९७२ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. फुकट बघणारे हजारो आणि तिकीट काढणारे तीनशे, हे गणित प्रत्येक सफरीत असतं. जागांची विक्री आधी जुन्या प्रवाशांना, मग सगळ्यांना खुली करा. दोन खिडक्यांमधल्या खांबाशी असलेली जागा "खिडकीची" म्हणून विकू नका.

इंजिन ऐन वेळी बसलं तर

नळी गळली, बेअरिंग तापलं, वणव्यामुळे बंदी आली, हे होणारच. तिकिटावर आधीच छापा: वाफेचं इंजिन मिळालं नाही तर गाडी डिझेलवर जाईल, आणि अशा वेळी किती परतावा मिळेल. निर्णयाची वेळ ठरलेली असावी, आदल्या संध्याकाळी सहा. थंड बॉयलर रातोरात घाईने तापवून सकाळी चमत्कार घडवायचा नाही. निरोप सगळीकडे एकाच शब्दांत जाऊ दे: काय बिघडलं, कोणतं इंजिन येणार, पैसे कधी मिळणार. पुढच्या तारखेचं तिकीट की रोख परतावा, हे प्रवाशालाच निवडू द्या, आणि बातमी इतरांकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. फलाटावर येऊन डिझेल पाहिलेला प्रवासी पुन्हा तिकीट काढत नाही.