पाच जमले, आता पुढे? नागपुरात अंतर वाढवणाऱ्यांसाठी

पाच किलोमीटर न थांबता जमले की लगेच हाफ मॅरेथॉनचे एकवीस दिसू लागतात. दिसू द्या. पण अंतर वाढवायचं तर आधी वेग उतरवा. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, एवढंच माप. आमच्या रविवारच्या ग्रुपमधल्या एक काकू वॉकर्स स्ट्रीटवर धावता धावता घरची सगळी गाऱ्हाणी ऐकवतात. त्या गप्प झाल्या की आम्ही ओळखतो, कोणीतरी पेस वाढवला. घड्याळ नंतर घ्या, आधी अशा काकू शोधा. सेमिनरी हिल्सच्या चढावर सरळ चाला, कोणी हसत नाही.

नवीन पोरांना हे पटत नाही, कारण दम लवकर सुधारतो. काही आठवड्यांतच छाती म्हणते, "अजून तीन मारू." हाडं आणि स्नायूबंध मात्र तयार व्हायला महिने घेतात. मग नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. तिथे बोटाने दाबून पाहा. लांबट पट्टा दुखत असेल तर धावणं थांबवा, दुखणं उतरेपर्यंत चालण्यावर राहा. पण एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, बसल्या-झोपल्याही ठणकत असेल, तर तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते.

आठवड्यातून तीन-चार दिवस धावणं पुरे. त्यात एकच लाँग रन, तोही दर वेळी किलोमीटरभरच वाढवायचा आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचा. 'आठवड्याला दहा टक्के', म्हणजे आठवड्याचं एकूण अंतर त्याहून जास्त वाढवायचं नाही, हा नियम सगळे सांगतात. अंदाज म्हणून ठीक आहे, पण पाय कुरकुरत असतील तर दहा टक्केही जास्तच.

आता आपल्या गावाची गोष्ट. पुण्यामुंबईच्या लोकांचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही. अंतर वाढवायचा आपला मोसम कोजागिरीनंतर फेब्रुवारीपर्यंत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि रात्रही धड थंड होत नाही, तेव्हा किलोमीटर मोजूच नका. पाचच्या आत निघा, अर्धा-पाऊण तास हळू धावा आणि घरी या. अंगाला उन्हाळ्याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर तर आणखी जपून. चक्कर आली, बोलताना गोंधळ व्हायला लागला तर तिथेच थांबा, सावली गाठा, अंगावर पाणी ओता आणि सोबतच्याला मदत बोलवायला सांगा. जुलैत ऊन नसतं, पण घाम वाळत नाही, म्हणून तेव्हाही वेग कमीच. तासाभरापेक्षा जास्त धावणार असाल तर पाणी सोबत हवं. परत आल्यावर मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं घ्या. नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, नाहीतर लांब धावल्यावर नख काळं पडतं. सुती बनियन घामाने भिजून काखेत घासतं. व्हॅसलीन लावा, लाजू नका. रस्त्याला कडेकडे उतार असतो, म्हणून जाताना-येताना बाजू बदला, पण गाड्या सुरू झाल्या की समोरून येणाऱ्या दिसतील अशाच बाजूने राहा. कुत्रे मागे लागले तर धावणं सोडा, त्यांच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. पळणाऱ्याच्या मागे ते हमखास लागतात.

आणि शनिवारी रात्री सावजी नको, जी! दहाव्या किलोमीटरला ते रस्त्यातच हिशेब मागतं, आणि पहाटे सिव्हिल लाइन्समध्ये सोय कुठे शोधणार? साधा वरणभात खा. सावजी रविवारी दुपारी, पोटभर.