सर्व वयोगटांचे श्रमदान: डोंगरउतारावर समतल चर कसे खणावेत

सात वर्षांच्या नातवापासून सत्तरीतल्या आजीपर्यंत प्रत्येकाला खरे काम देता येईल, असे सामूहिक काम म्हणजे गावाच्या डोंगरावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे आणि पावसाचे पाणी जिरवणारे चर खणणे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर हिवरे बाजारने श्रमदानातून पाणलोटाची कामे उभी केली. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनची गावांमधली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली आणि पुढे शहरांतले लोकही जलमित्र म्हणून टिकाव घेऊन येऊ लागले. मात्र ‘आधी माणसे जमवा, बाकीचे जागेवर ठरवू’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला मला अजिबात मान्य नाही. आखणी पूर्ण झाल्याशिवाय गर्दी बोलावूच नये.

पहिली पायरी परवानगीची: जमीन गायरान असेल तर ग्रामपंचायत, वनजमीन असेल तर वन विभाग. काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यावे आणि एप्रिल-मेमध्ये ऊन चढण्याआधी उरकावे.

दुसरी पायरी आखणीची, आणि सगळे यश हिच्यावर अवलंबून आहे. चराचा तळ एका पातळीत नसेल, तर तो पाणी जिरवणारा चर न राहता पाट होतो. सगळे पाणी खालच्या टोकाला धावते, तिथे काठावरची मातीची भर फोडते आणि घळ पाडते. डोळ्यांच्या अंदाजाने डोंगरावर पातळी कळत नाही, मग अंदाज सांगणारा कितीही अनुभवी असो. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी तळापासून वर सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या दोन सारख्या काठ्यांना बांधावी. मला स्वतःला सर्वाधिक झगडावे लागले ते नळीतल्या हवेच्या बुडबुड्यांशी. एक जरी बुडबुडा अडकला तरी काठीवर वाचलेला पाण्याच्या पातळीचा आकडा खोटा येतो, म्हणून पाणी एकाच टोकाने सावकाश भरावे, नळीवर टिचक्या मारून बुडबुडे वर काढावेत आणि दोन्ही काठ्या एकाच सपाट जागी शेजारी उभ्या करून आकडे जुळतात की नाही हे पाहावे. हे रोज सकाळी करावे, आदल्या दिवशीच्या जुळणीवर भरवसा ठेवू नये.

चालताना दोन्ही टोके अंगठ्याने बंद ठेवावीत आणि वाचताना दोन्ही उघडावीत. पाणी हलायचे थांबल्यावरच आकडा घ्यावा. पुढच्या काठीवरचा आकडा मोठा आला तर ती जागा सखल आहे असे समजून उताराच्या वरच्या बाजूला सरकावे, लहान आला तर खाली, आणि दोन्ही आकडे जुळतील तिथे चराच्या रेषेची खूण करावी. एकाच काठीवर खूण करून तीच कायम धरणारे हमखास फसतात, कारण थोडे पाणी सांडले की ती खूण निरर्थक होते. प्रत्येक वेळी दोन्ही काठ्यांवरचे आकडे ताडून पाहावेत. नळी पुरेल तोवर मागची काठी जागची हलवू नये, कारण प्रत्येक हालचालीत चूक साचत जाते. रेषा वेडीवाकडी दिसते म्हणून ती सरळ करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. ओघळीतून चर नेऊ नये, तिथे दगडी बांध घालावा.

कामाची वाटणी सोपी आहे: ज्येष्ठांनी मागची काठी धरावी, मुलांनी रेषेवर चुन्याची फक्की टाकावी आणि पाणी वाटावे, टिकाव-पहार मोठ्यांनी चालवावी, घमेली साखळीने फिरवावीत. लहान मुलांच्या हाती फोटोपुरतासुद्धा टिकाव देऊ नये.

साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल खणावे. एक मीटर लांबीत एका वेळी १८० लिटर पाणी मावते. माती उताराच्या खालच्या बाजूला, काठापासून वीतभर अंतर सोडून टाकावी. मध्येमध्ये मातीचा अखंड पट्टा न खणता ठेवावा, म्हणजे एक भाग फुटला तरी बाकीचे वाचतात.

पहिला मोठा पाऊस उघडताच दोन-तीन जणांनी वर जाऊन प्रत्येक चराच्या दोन्ही टोकांना पाण्याची खोली मोजावी आणि जिथे ठळक फरक दिसेल तिथे त्याच आठवड्यात मातीचा आडवा पट्टा घालून चराचे दोन भाग करावेत.