अभ्यासाआधी किती पळायचं? नाडीवरून ठरवा

धावल्यावर रक्तात ॲनंडामाइड वाढतं. हे शरीर स्वतःच बनवतं, आणि मेंदूत आठवणी जोडणाऱ्या भागावर काम करतं; म्हणून अभ्यासाआधी पळायचं. १९९२ साली जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या या रेणूचं नाव आपल्याच 'आनंद' शब्दावरून ठेवलंय. मात्र कसंही पळून ते वाढत नाही. धावपटूंवरच्या प्रयोगांत मध्यम वेगाला ते वाढलं. नुसत्या चालण्याने नाही आणि जीव तोडून पळाल्यावरही नाही. म्हणून आधी आपला मध्यम वेग शोधायचा.

२२० मधून वय वजा करा; हा हृदयाच्या कमाल ठोक्यांचा अंदाज. वय २५ असेल तर १९५. त्याचे ७० ते ८० टक्के म्हणजे मिनिटाला साधारण १३७ ते १५६ ठोके. पाच मिनिटं भरभर चाला, मग वीस-पंचवीस मिनिटं सावकाश पळा. मध्ये एकदा थांबून लगेच मनगटाची नाडी १५ सेकंद मोजा: ३४ ते ३९ ठोके यायला हवेत. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी मध्ये येते. मोजायला अर्धा-एक मिनिट उशीर झाला तर ठोके उतरलेले असतात, आणि आपण कमी पळतोय असं वाटून पुढच्या फेरीत धाप लागेपर्यंत पळणं होतं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) चालू असेल तर हा हिशेब लागू नाही, डॉक्टरांना विचारा.

घाम पुसून, पाणी पिऊन दहा-पंधरा मिनिटांत अभ्यासाला बसा. एन्झाइम ॲनंडामाइड झपाट्याने मोडतात. तासभर मोबाइल पाहिलात तर पळण्याची वेळ साधली नाही. आधी नवं घ्या: नकाशा, शब्दांच्या जोड्या, चेहरे-नावं. अशा जोडणीचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग करतो आणि तिथे सीबी-१ रिसेप्टर, म्हणजे ॲनंडामाइड ज्यांना चिकटतं ते पेशींवरचे ग्राहक, दाटीने असतात. एखादी पेशी जोरात चेतवली गेली की ती आपल्याच आवरणातल्या मेदापासून एंडोकॅनाबिनॉइड (ॲनंडामाइडच्या जातीचं रसायन) बनवते. ते उलट्या दिशेने, संदेश धाडणाऱ्या पेशीकडे जाऊन तिला 'जरा दमानं' सांगतं. हे दोन पेशींमधल्या त्या एका जोडापुरतं आणि काही सेकंदांचं काम.

होस्टेलवर कोणी ना कोणी सांगतंच की गांजाने डोकं चालतं. गांजातलं नशा आणणारं रसायन टीएचसी हेच सीबी-१ चेतवतं, पण सगळीकडे एकदम आणि तासन्‌तास. कुठल्या जोडाला कधी आवरायचं हा नेमकेपणा त्यात उरत नाही. नशेत वाचलेलं पान डोळ्याखालून गेलेलं असतं, पण दुसऱ्या दिवशी आठवत नाही. होळीच्या भांगेतही टीएचसीच असतं.