हरवलेलं ज्यू घराणं शोधताना नावापासून सुरुवात करू नका

दुसऱ्या महायुद्धात पोलंडमध्ये ख्रिस्ती कुटुंबात, नन्सच्या मठात किंवा अनाथालयात लपवलेली ज्यू मुलं आज ऐंशीच्या पुढे आहेत. आपलं मूळ काय हे अनेकांना फार उशिरा कळलं. कुणाला सांभाळणाऱ्या आईने अंथरुणाला खिळल्यावर सांगितलं, तर कुणाच्या नातवाने सहज केलेल्या डीएनए चाचणीत ते बाहेर आलं. मग घरातलं कुणीतरी कॉम्प्युटरपुढे बसतं आणि आडनाव शोधायला लागतं. बहुतेक शोध इथेच अडतात.

कारण आडनाव हीच सर्वांत आधी आणि सर्वांत नीट पुसलेली गोष्ट असते. १५ ऑक्टोबर १९४१ च्या जर्मन हुकुमानुसार व्याप्त पोलंडमध्ये घेट्टोबाहेर, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीबाहेर, सापडणाऱ्या ज्यूला आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. नाव पुसलं तरच मूल वाचत होतं. पण मूल कोणत्या गावात आलं, कोणत्या महिन्यात आलं, कुणी आणून दिलं, याचे धागे सहसा उरतात. सुरुवात तिथून करा. नाव शेवटी हाती लागतं.

हस्तांतराची साखळी

मोठा कोरा कागद घ्या आणि मूल कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं ते उलट्या क्रमाने लिहा. १९५० मध्ये कुठे होतं, १९४५ मध्ये कुठे, त्याआधी कुठे. प्रत्येक टप्प्यासमोर माहिती कुणी दिली तेही लिहा. आईने सांगितलेलं, मावशीने ऐकलेलं आणि कागदावर असलेलं या तिन्हींचं वजन सारखं नसतं.

सांभाळणाऱ्या कुटुंबातली म्हातारी माणसं, त्यांची मुलं, शेजारी हयात असतील तर आधी त्यांच्याकडे जा. दप्तरं थांबतील, माणसं थांबणार नाहीत. “ते मूल ज्यू होतं का?” असा थेट प्रश्न विचारू नका. मूल वाचवलं हे शेजाऱ्यांपासून लपवण्याची सवय अनेक घरांत युद्धानंतरही सुटली नाही. जुलै १९४६ मध्ये किएल्त्से शहरात युद्धातून वाचलेल्या ज्यूंचीच कत्तल झाली, तेव्हा ती भीती अनाठायी नव्हती. त्यापेक्षा बारीकसारीक विचारा. दारात कोण आलं होतं? बाई की पुरुष? बर्फ पडत होता का? अंगावर काय होतं? मूल कोणत्या भाषेत रडायचं, कोणत्या हाकेला वळायचं? पैसे कोण आणून द्यायचं आणि ते कधी बंद झाले? त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं असतं. आईवडील ज्या घेट्टोत होते तिथून लोकांना छावण्यांकडे नेलं, तोच महिना अनेकदा पैसे थांबल्याचा निघतो, आणि त्यावरून घेट्टो कोणता हे ओळखता येतं.

वस्तू फेकू नका, धुऊ नका, पॉलिशही करू नका. एल्झबिएता फित्सोव्स्का काही महिन्यांच्या असताना १९४२ मध्ये त्यांना विटांच्या गाडीतून, लाकडी खोक्यात ठेवून वॉर्सा घेट्टोबाहेर काढलं. खोक्यात त्यांच्यासोबत चांदीचा एक चमचा होता. चमच्यावर त्यांचं लाडाचं नाव ‘एल्झुनिया’ आणि ५ जानेवारी १९४२ ही तारीख कोरलेली होती. इतकं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, पण दुपट्याच्या कोपऱ्यावर भरलेली दोन अक्षरं, फोटोच्या मागे असलेला स्टुडिओचा शिक्का, लॉकेटवरचा सोनाराचा ठसा यांवरूनही शहर कळतं. फोटोची दोन्ही बाजूंनी स्कॅन काढा.

कागद मागताना

पोलंडमध्ये जन्मनोंदीचा उतारा दोन प्रकारचा असतो. संक्षिप्त उतारा, म्हणजे ‘ओदपिस स्क्रुत्सोनी’, यात फक्त नाव, तारीख, आईवडील असतात. तो आपल्या कामाचा नाही. तुम्हाला पूर्ण उतारा, ‘ओदपिस झुपेउनी’ हवा. नंतर केलेले फेरफार, दत्तकविधान, नावबदल यांचे शेरे त्यात येतात. अर्ज नागरी नोंदणी कार्यालयात, म्हणजे ‘उझोंद स्तानु त्सिविल्नेगो’मध्ये करायचा. त्याच अर्जात या नोंदीसोबत जोडलेले मूळ कागद, ‘अक्ता झ्ब्योरोवे’, हेही मागा. अर्जदार ते मागतच नाहीत, आणि कोर्टाचा निकाल, साक्षीदारांची नावं, नावबदलाचा अर्ज नेमके त्याच गठ्ठ्यात पडून राहतात. जन्मनोंदी १०० वर्षं आणि विवाह व मृत्यूच्या नोंदी ८० वर्षं या कार्यालयात राहतात, नंतर सरकारी अभिलेखागारात जातात. त्या मुदतीच्या आत स्वतः, जोडीदार, भावंडं किंवा थेट पूर्वज-वंशज यांनाच उतारा सहज मिळतो, म्हणून अर्ज नातवंडाच्या नावाने असेल तर मधल्या पिढीचे नातं दाखवणारे कागद जोडायला विसरू नका.

उतारा आला की जन्मतारखेवर लगेच विश्वास ठेवू नका. लपवलेल्या मुलांच्या तारखा तीन प्रकारे तयार झाल्या. पाद्र्याने गावातल्या मेलेल्या मुलाचा बाप्तिस्मा दाखला दिला असेल तर ती तारीख त्या मुलाची असते. युद्धानंतर कोर्टाने नोंद ठरवली असेल तर ती डॉक्टरांच्या अंदाजाने ठरलेली असते. मुलाच्या कपड्यांत चिठ्ठी सापडली असेल तर आईने आडनाव गाळलं, पण तारीख खरी लिहिली, असं होऊ शकतं. म्हणून शोधताना जन्मसाल दोन वर्षं अलीकडे-पलीकडे धरा. पहिलं नाव मात्र जपून ठेवा. तीन-चार वर्षांचं मूल नव्या हाकेला ओ देत नाही, म्हणून जुन्या नावाच्या जवळचंच नाव देण्याकडे कल असायचा.

चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद प्रत्यक्ष पाहा, उताऱ्यावर समाधान मानू नका. जन्म आणि बाप्तिस्मा यांत दोन-तीन वर्षांचं अंतर, आईवडिलांच्या जागी ‘अज्ञात’, धर्ममाता म्हणून एखादी नन, दोन नोंदींच्या मध्ये वेगळ्या शाईत घुसवलेली ओळ: यांतलं एक दिसलं तर योगायोग असू शकतो, तीन एकत्र दिसली तर थांबून विचार करा.

मूल संस्थेत होतं असं कळलं तर त्या संस्थेच्या वह्या गाठा. वॉर्सातलं बोदुएन अनाथालय आणि मारियाच्या कुटुंबाच्या फ्रान्सिस्कन नन्सची आश्रयगृहं यांतून अनेक मुलं वाचली. इरेना सेंडलर आणि ज्यूंना मदत करणाऱ्या झेगोता या गुप्त पोलिश संघटनेच्या लोकांनी मुलांची खरी व खोटी नावं पातळ कागदांवर लिहून बरणीत पुरली, ही गोष्ट अनेकांना माहीत असते. पण ‘मग माझंही नाव त्या यादीत असेल’ या आशेवर थांबू नका. मुलांना लपवणारे अनेक गट होते, आणि कित्येक आईबापांनी कुठल्याच गटाशिवाय ओळखीच्या मोलकरणीच्या हाती मूल दिलं.

इथे एक फरक सांगायला हवा. पोलिश युद्धबालकं म्हटलं की मराठी वाचकाला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ती कुटुंबं सोव्हिएत हद्दपारीतून इराणमार्गे आली होती. त्यांचे कागद लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयात आणि स्टॅनफर्डच्या हूव्हर संस्थेत शोधायचे असतात. व्याप्त पोलंडमध्ये लपवलेल्या मुलांचा माग वेगळा आहे, दोन्ही एकत्र करू नका.

तीन मोठी दप्तरं

वॉर्सातली ज्यू इतिहास संस्था ही पहिली. १९४४ ते १९५० पर्यंत पोलंडमधल्या ज्यूंची मध्यवर्ती समिती काम करत होती. तिची वाचलेल्यांची नोंदणीकार्डं, बालसंगोपन विभागाची कागदपत्रं आणि ३०१ क्रमांकाच्या संग्रहातल्या सुमारे सात हजार जबान्या इथे आहेत. मुलाच्या नावाने काही मिळालं नाही तर सांभाळणाऱ्या कुटुंबाच्या नावाने आणि गावाच्या नावाने विचारा. मदतीचा अर्ज अनेकदा सांभाळणाऱ्यानेच केलेला असतो.

दुसरं जर्मनीतलं, नाझी छळाच्या बळींचे कागद सांभाळणारं आरोल्सेन अभिलेखागार. सुमारे पावणेदोन कोटी माणसांबद्दलचे कागद तिथे आहेत. चौकशी मोफत आहे, उत्तर यायला महिने लागतात. ऑनलाइन काही दिसलं नाही तरी लेखी चौकशी कराच, कारण सगळे कागद नावानिशी सूचीत आलेले नाहीत. अर्जात खरं, खोटं, बाप्तिस्म्याचं अशी सगळी नावं द्या. कुणीतरी १९४७ साली ‘माझी पुतणी जिवंत आहे का’ म्हणून पाठवलेलं पत्र त्या फायलीत असू शकतं.

तिसरं जेरुसलेमचं याद वाशेम, म्हणजे ज्यू हत्याकांडाचं स्मारक आणि संग्रह, आणि इथे सर्वाधिक वेळ द्या. मारल्या गेलेल्यांसाठी नातेवाइकांनी भरून दिलेली साक्षपत्रं तिथल्या डेटाबेसमध्ये आहेत. आडनावाची चौकट रिकामी ठेवा. पहिलं नाव, गाव आणि जन्मसालाचा पाच वर्षांचा पट्टा टाका. आता महत्त्वाची गोष्ट: ज्याचा शोध आहे त्यालाच मृतांमध्ये शोधा. तेल अवीवला पोचलेल्या मावशीने १९५६ साली पत्र भरलं असेल तर तिने भाचीला मेलेलीच समजून तिचं नाव लिहिलं असणार. पत्राची स्कॅन उघडा आणि तळाकडे जा. भरणाऱ्याचं नाव, पत्ता, नातं आणि तारीख तिथे असते. शोधाचं खरं दार ती शेवटची ओळ आहे. भरणारा हयात नसेल तर इस्रायलमधलं त्याचं थडगं शोधा. दगडावर मृताच्या वडिलांचं नाव कोरायची पद्धत आहे, त्यावरून एक पिढी मागे जाता येतं.

गावावरूनच नाव सापडल्याचं एक ठळक उदाहरण आहे. पोलिश धर्मगुरू रोमुआल्ड वाश्किनेल यांना १९७८ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, सांभाळणाऱ्या आईने सत्य सांगितलं. तिला आडनाव आठवत नव्हतं. श्विएन्त्स्यानी हे गाव आणि वडील शिंपी होते, एवढंच धरून १९९२ मध्ये एका ननने इस्रायलमध्ये त्या गावच्या माणसांकडे चौकशी केली. वडिलांचं याकुब वेक्सलर हे नाव मिळालं, आणि त्यांचे सख्खे भाऊही. गाववाल्यांच्या अशा मंडळांनी गावोगावची स्मृतिग्रंथं छापली आहेत. त्यांच्या शेवटी मृतांच्या याद्या असतात आणि बरीच ऑनलाइन आहेत.

नावांचे खड्डे

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचं आडनाव गाव सांगतं: पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे. पोलंडमध्ये हा भरवसा ठेवू नका. तिथल्या ज्यूंना आडनावं प्रशासनाने अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला घ्यायला लावली, आणि गोल्डबर्ग सगळीकडे आहेत.

बायकांची आडनावं नीट वाचा. ‘गोल्डबर्गोवा’ म्हणजे गोल्डबर्गची बायको, ‘गोल्डबर्गुव्ना’ म्हणजे त्याची मुलगी. हे चुकलं तर आईचं माहेर आणि सासर यांची अदलाबदल होते. गॅलिशियात, म्हणजे पूर्वी ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या भागात, अनेक जोडप्यांचं लग्न फक्त धार्मिक पद्धतीने व्हायचं, सरकार ते मानायचं नाही, म्हणून मुलांना आईचं आडनाव लागायचं. सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी दिसली तर गोंधळू नका. पूर्वी रशियाच्या ताब्यात असलेल्या भागात १८६८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या नोंदी रशियन भाषेत आहेत आणि त्यांत दोन तारखा असतात, जुन्या पंचांगाची आणि नव्या. पडताळणीसाठी नवी तारीख धरा.

अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू हयात नातेवाइकाचं नाव बाळाला देत नाहीत. मुलगी आजीच्या नावाची असेल तर आजी तिच्या जन्माआधी गेलेली, हा हिशोब वंशवृक्षात फार कामी येतो.

डीएनए

चाचणी सर्वांत म्हाताऱ्या माणसाची आधी करा. ऐंशीच्या पुढच्या माणसाला नळीभर थुंकी जमवणं जड जातं, म्हणून गालाच्या आतून बोळा फिरवायचा संच निवडा. अर्धा तास आधी काही खाणंपिणं नाही. न्यूयॉर्कच्या ज्यू इतिहास केंद्राचा डीएनए पुनर्भेट प्रकल्प २०२२ पासून वाचलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना मोफत संच देतो.

अहवालात अश्केनाझी जवळजवळ शंभर टक्के आलं तर दोन्ही पालक ज्यू, पन्नासच्या आसपास आलं तर एक. पुढचं काम अवघड असतं. हा समाज शेकडो वर्षं आपापसात लग्नं करत आला, त्यामुळे डीएनए जुळणारी हजारो माणसं दिसतात आणि साइट ज्याला ‘सेकंड कझिन’, म्हणजे आजोबांच्या भावंडाचं नातवंड, म्हणते तो प्रत्यक्षात कितीतरी लांबचा ‘फिफ्थ कझिन’ निघतो. एकूण बेरजेवर जाऊ नका. जुळणाऱ्या डीएनएचा सर्वांत लांब तुकडा ३० सेंटीमॉर्गनच्या (डीएनएची लांबी मोजायचं एकक) वर आणि आणखी दोन-तीन तुकडे २० च्या वर असतील तरच पत्र लिहा. सख्ख्या चुलत-मामे भावंडांत सरासरी ८७० च्या आसपास सेंटीमॉर्गन जुळतात, आजोबांच्या भावंडांच्या नातवंडांशी सुमारे २३०. इस्रायलमध्ये २००० सालच्या कायद्यामुळे असे संच सर्रास विकले जात नाहीत, म्हणून तिथले जवळचे नातेवाईक यादीत नसणं स्वाभाविक आहे. अमेरिकेत गेलेली शाखा आधी सापडते.

पहिलं पत्र छोटं ठेवा. दोन वाक्यांत कोण, कुठलं गाव, कोणतं साल. मालमत्तेचा विषय निघणार नाही हे स्पष्ट लिहा, कारण समोरच्याच्या मनात पहिली शंका तीच येते. बालपणीचा फोटो जोडा. आणि पत्र पाठवण्याआधी ज्याचा शोध आहे त्या व्यक्तीला विचारा. तिला थांबायचं असेल तर सगळे कागद नीट फायलीत लावून ठेवा आणि थांबा.

आईवडिलांची नावं निश्चित झाली आणि त्यांची साक्षपत्रं याद वाशेमकडे नसतील, तर ती भरा. प्रत्येकासाठी वेगळं पत्र. तळाच्या ओळीत भरणाऱ्याचं नाव लिहिताना जन्माचं आणि वाढवणाऱ्या घरात मिळालेलं अशी दोन्ही नावं लिहा, म्हणजे पलीकडून कुणी शोधत असेल तर कोणत्याही नावाने इथवर पोचेल.