'काका, लाईट चालू राहिलीय!' : दिवसा सायकलची लाईट लावताना या चुका टाळा

मुंबईत जोगेश्वरीहून विक्रोळीला सायकलने ऑफिसला जायला लागल्यापासून सिग्नलला हमखास कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "काका, लाईट चालू राहिलीय." रिक्षावाले सांगतात, बाईकवर मागे बसलेल्या बायका सांगतात. एकदा तर एका बसड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून बोटं उघडमीट करत ती जुनी खूण केली. बाईकवाल्यांना ही खूण करणं आता जवळजवळ बंद झालंय, कारण १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाईट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो बंद करायचं बटणच नसतं. सायकलवाल्याच्या वाट्याला मात्र हा सल्ला अजून येतो. सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावून सांगत बसायचो. आता नुसतं "थँक्यू दादा" म्हणतो. त्याला लाईट दिसली म्हणजे मी दिसलो, अजून काय पाहिजे?

त्यांचंही चुकत नाही. आपल्याकडे सायकलची बत्ती म्हणजे रात्रीची गोष्ट. वडिलांच्या पिढीत डबलसीट आणि बिनबत्ती हे सायकलवाल्याचे दोन मोठे गुन्हे, आणि टायरला घासून घरघरणारा डायनॅमो रस्ता दिसावा यापेक्षा हवालदाराने धरू नये म्हणून जास्त लावला जायचा. दिवसाच्या लाईटचं काम वेगळं आहे. तिने आपल्याला रस्ता दाखवायचा नसतो, आपण इतरांना दिसू असं करायचं असतं. हे डोक्यात नीट बसलं नाही की पुढच्या सगळ्या चुका होतात, आणि त्यातल्या बहुतेक मी स्वतः करून झाल्यात.

"एवढं लख्ख ऊन आहे, दिसणारच की!"

ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. लख्ख उन्हातच माणूस दिसत नाही, हे मला जेव्हीएलआरने शिकवलं. हा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. मी सकाळी पूर्वेला निघतो तेव्हा सूर्य तोंडावर, संध्याकाळी पश्चिमेला परततो तेव्हाही तोंडावर. पूर्वी मला यात फक्त माझ्या डोळ्यांचा त्रास दिसायचा. पण माझ्या मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याच्याही डोळ्यांत तोच सूर्य असतो, वर त्याच्या काचेवर मेट्रोच्या कामाची धूळ. तिरपं ऊन त्या धुळीवर पडलं की अख्खी काच पांढरी होते. त्या पांढऱ्यात मी कसा दिसणार? मागून पाहिलं तर सायकल म्हणजे एक बारीक उभी रेघ, आणि ऊन समोरून असलं की तीही काळी. सिग्नलचा खांब, बॅरिकेडची कड आणि मी, सगळे सारखेच. त्यात एक लाल ठिपका उघडझाप करत असेल तरच ती रेघ वेगळी पडते.

आमच्या ऑफिसातला एक जण पवईला राहून अंधेरीला जायचा. त्याचं गणित बरोबर उलटं. जाता-येता दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. "मला तर सगळं स्वच्छ दिसतं," असं तो म्हणायचा, आणि खरंच दिसायचं. पण समोरून येणारे आणि मध्येच यू-टर्न मारणारे रिक्षावाले, त्यांच्या डोळ्यांत ऊन असायचं. माझ्यासाठी मागची लाईट जास्त महत्त्वाची, त्याच्यासाठी पुढची. तुमचा रस्ता कुठल्या दिशेला जातो आणि तुम्ही किती वाजता निघता, एवढं पाहिलंत तरी कुठल्या लाईटवर जास्त पैसे घालायचे ते कळेल.

दुसरा प्रकार सावलीचा. आरेच्या रस्त्यावर झाडांमुळे ऊन-सावलीचे पट्टे पडतात, लिंक रोडवर मेट्रोच्या पुलाखाली अर्धा रस्ता अंधारलेला असतो आणि अंधेरी सबवेत भर दुपारी शिरलात तर पहिले काही क्षण खुद्द तुम्हालाच काही दिसत नाही. डोळ्यांना उजेडातून अंधारात सरावायला वेळ लागतो, मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांनाही लागतो. नेमक्या त्या क्षणांत तुम्ही त्याच्या पुढे असता.

रात्रीची लाईट दिवसा

दीड-दोनशे रुपयांत रबरी पट्टीची, बटणसेलवर चालणारी लाईट मिळते. अंधारात ती दोन गल्ल्यांवरून दिसते, म्हणून आपल्याला वाटतं भारी आहे. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश लाखभर लक्सच्या (लक्स म्हणजे पडणारा उजेड मोजायचं एकक) घरात असतो, तिथे त्या बिचाऱ्या लाईटचा काय पाड!

दुकानदाराला विचारू नका, स्वतः बघा. मी रविवारी दुपारी बाराला सायकल सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकवली, मागची लाईट लावली आणि गेटबाहेर शंभर पावलं चालत जाऊन वळून पाहिलं. काही नाही. परत चालत आलो. चाळीसेक पावलांवर आल्यावरही लाईट लागलीय की नुसती लाल काच आहे ते कळेना. वॉचमन माझ्याकडे काळजीने पाहत होता. दुसऱ्याच आठवड्यात काळबादेवीला जाऊन दिवसासाठी वेगळा मोड असलेली लाईट आणली.

खोक्यावरच्या लुमेनच्या आकड्याला फार भुलू नका. लुमेन म्हणजे लाईट एकूण किती प्रकाश टाकते. तो कुठे जातो हे भिंगावर अवलंबून असतं. मागच्या लाईटला दिवसाच्या मोडमध्ये शंभरच्या आसपास लुमेन असले आणि भिंग प्रकाश सरळ मागे फेकणारं असलं की काम होतं. चारशे लुमेन आभाळात गेले तर कावळ्यांना दिसाल.

लाईट चालू, पण झाकलेली

ही मुंबईची खास चूक. एका जुलैत मी जवळपास महिनाभर रोज न विसरता लाईट लावून जात होतो. एका सकाळी बायको स्कूटरवर मागून येत होती. तिने पवईच्या आयआयटी गेटपाशी मला गाठलं आणि विचारलं, "अहो, लाईट कुठाय तुमची?" म्हटलं, लावलीय की. ती म्हणाली, "मला तर नुसता रेनकोट दिसतोय." सीटखालच्या लाईटवर रेनकोटचं मागचं टोक नेमकं पडद्यासारखं पडत होतं. महिनाभर मी रेनकोटच्या अस्तराला उजेड दाखवत होतो.

पाऊस नसला तरी हेच होतं. बाहेर काढलेला शर्ट, खाली लोंबणारी सॅक, कॅरियरला लावलेली भाजीची पिशवी. त्यामुळे लाईट सीटखाली न लावता कॅरियरच्या मागच्या कडेला लावलेली बरी. कॅरियर नसेल तर मागच्या चाकाच्या बाजूच्या दांडीवर, वाहत्या रस्त्याच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे. सॅकला अडकवलेली लाईट शेवटचा उपाय. सॅक हलते, झुकते, आणि लाईट कधी आभाळ बघते तर कधी डांबर.

कोनाचंही तसंच. सीटचा दांडा मागे कललेला असतो. त्यावर लाईट नुसती चपटी बसवली की तिचं तोंड खाली रस्त्याकडे होतं. आपल्याला जवळून ती छान लखलखताना दिसते, पन्नास मीटरवरच्या ड्रायव्हरला मात्र तिचं टाळकंच दिसतं. बसवताना सायकलपासून लांब जा, गाडीच्या सीटवर बसल्याइतके खाली वाका आणि बघा. तोंड जमिनीला समांतर हवं. रबरी पट्टा सैल झाला की दोन खड्ड्यांत कोन बदलतो, आणि आपल्याकडे दोन खड्डे म्हणजे साधारण दहा सेकंद.

डिस्को

दिवसा उघडझाप करणारी लाईट स्थिर लाईटपेक्षा लवकर नजरेत भरते, यात वाद नाही. पण नुसत्या उघडझापीवरून अंतराचा अंदाज नीट येत नाही. जर्मनीत तर सायकलवर लुकलुकणाऱ्या लाईटला परवानगीच नाही. मला इतकं कडक वागायची गरज वाटत नाही. मी मागे दोन लाईट लावतो, एक स्थिर, एक लुकलुकणारी. एक संपली तरी दुसरी असते, हा वरचा फायदा.

रंगाशी मात्र खेळू नका. पुढे पांढरी, मागे लाल. लोक विचार न करता रंगावरून ठरवतात की समोरचा येतोय की जातोय. निळ्या-हिरव्या पट्ट्या आणि चाकातली रोषणाई गणपतीच्या मंडपात शोभते.

आणि दिवसाचा मोड अंधारात चालू ठेवू नका. पहाटे पाचला मरीन ड्राइव्हवर ग्रुपने निघालेली मंडळी बघा. प्रत्येकाच्या मागे तो झगझगीत लाल मारा, आणि मागचा डोळे बारीक करून चालवतोय. ग्रुपमध्ये फक्त सगळ्यात मागच्याची लाईट लुकलुकू द्यावी, बाकीच्यांनी स्थिर आणि मंद.

"रिफ्लेक्टर आहे ना!"

रिफ्लेक्टर आणि जॅकेटवरची चंदेरी पट्टी समोरून आलेला प्रकाश तसाच परत फेकतात. दिवसा मोटारी-टेम्पोंचे हेडलाईट बहुतेक बंद असतात आणि बाईकचा उजेड उन्हापुढे फिका पडतो, मग परत काय फेकणार? दिवसा उपयोग होतो तो पोपटी किंवा भगव्या चमकदार कापडाचा. उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेऊन ते दिसणाऱ्या प्रकाशात बदलतं, म्हणून ढगाळ सकाळीही ते उठून दिसतं. त्या जॅकेटचा पोपटी भाग दिवसाचा, चंदेरी पट्टी रात्रीची.

बिघडली तर

चार्ज होत नाही, ही नेहमीची तक्रार. लाईट टाकून द्यायच्या आधी केबल बदलून पाहा. टाईप-सी पोर्ट असलेल्या बऱ्याच स्वस्त लाईट दोन्हीकडे सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, कारण चार्जरला ओळख पटवून देणारे छोटे रेझिस्टर आतमध्ये बसवलेलेच नसतात. घरातला जुना, चपट्या मोठ्या तोंडाचा चार्जर आणि त्याची केबल लावली की मुकाट्याने चार्ज होते. मी या एका कारणासाठी एक चांगली लाईट भंगारात दिली आहे.

तरी होत नसेल तर पोर्टमध्ये डोकावा. वरळी सी फेस किंवा मरीन ड्राइव्हला रोज जाणाऱ्यांच्या पोर्टमध्ये खाऱ्या हवेने हिरवट गंज धरतो. जुन्या मऊ टूथब्रशला थोडं स्पिरिट लावून घासा, पूर्ण सुकू द्या, मगच केबल लावा.

खड्ड्यात बंद पडून पुन्हा लागत असेल आणि लाईट सेलवाली असेल, तर आतली स्प्रिंग दबलेली असते. ती थोडी ओढून उचला.

भिंगाच्या आत वाफ धरली म्हणजे पाणी शिरलंय. खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलं असेल तर ती फक्त शिंतोडे सोसते. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण पोर्टचं रबरी झाकण घट्ट बसलेलं असेल तरच. ते झाकण दोन वर्षांत सैल पडतं. लाईट उघडता येत असेल तर उघडा आणि औषधांच्या डबीत मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याचं पीठ पोर्टमध्ये जातं. ओली असताना चार्जिंगला तर अजिबात लावू नका. आणि कवच फुगलेलं दिसलं की ती लाईट संपली. बॅटरी फुगली आहे, ती चार्ज न करता ई-कचऱ्यात द्या.

पावसात रोज पोचल्यावर काच पुसायला विसरू नका. मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाचा थर बसला की शंभर लुमेनचे वीस होतात. मडगार्ड लावा, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

लाईट आहे म्हणून बसच्या डावीकडे

लाईट लावल्यावर मी थोडा धीट झालो होतो, हे कबूल करतो. एकदा स्टॉपवर थांबलेल्या बसच्या डावीकडून पुढे घुसलो. पुढची लाईट फकफकत होती, पण ड्रायव्हरच्या आरशात मी नव्हतोच. बस हलली, मी फुटपाथला चिकटलो, गुडघा सोलला. चूक शंभर टक्के माझी. आमच्याकडे सकाळी येणारा इडलीवाला, कॅरियरवर तेवढं मोठं पातेलं घेऊन, लाईटबिईट काही नसताना बिनधास्त फिरतो. तो रबरी भोंगा दाबत असतो. आरशात नसलेल्याचं अस्तित्व आवाजानेच कळतं. त्या दिवसापासून मी घंटी बदलून मोठी लावली, आणि बसच्या डावीकडे जाणं सोडलं.

लाईट कुठाय? ड्रॉवरमध्ये

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. सायकल स्टेशनबाहेर किंवा ऑफिसखाली लावली की लाईट काढून घ्यावी लागते, नाहीतर संध्याकाळी नुसता पट्टा शिल्लक. काढलेली लाईट खिशातून टेबलावर, टेबलावरून ड्रॉवरमध्ये, आणि घरी निघताना तिथेच.

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये हजारो सायकलस्वारांवर वर्षभर एक प्रयोग झाला. काहींच्या सायकलींना चाकाच्या आऱ्यांवरच्या चुंबकाने पेटणाऱ्या, दिवसरात्र चालू राहणाऱ्या लाईट बसवल्या, बाकीच्यांना नाही. लाईटवाल्यांमध्ये दुखापतीचे अपघात १९ टक्के कमी भरले. अपघात स्वारांनी स्वतःच कळवलेले होते, त्यामुळे तो आकडा थोडा जपूनच घ्यावा. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. त्या लाईटला बटण नव्हतं. चाक फिरलं की लाईट लागली, विसरायची सोयच नाही.

मग आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मामांकडून मी दोन पेन्सिल सेलवर चालणारी एक लाईट कॅरियरला नटबोल्टने पक्की करून घेतली. "ही पण नेली तर?" मी विचारलं. मामा म्हणाले, "आठचा पाना घेऊन फिरणारा चोर असेल तर तो सायकलच नेईल की." तिचे सेल मी दर दुसऱ्या रविवारी बदलतो, टायरमध्ये हवा भरताना.